मानेखालचं

अजगराची शेपटी फोटोत मावेना म्हणून डॉक्टरीणबाई दोन पावलं मागे सरकल्या, आणि तेवढ्यावरून त्यांचा दिवस बिघडला. तोवर फोनच्या चौकटीत फक्त चेहरा होता. आठ वर्षांची लेक, घरातल्यांच्या भाषेत 'शिपाई', मनगटाएवढं जाड अजगराचं पिल्लू गळ्यात घालून झकास हसत होती, आणि अजगरवाला शेजारी उभा राहून "मुलगी धीट आहे हो तुमची" असं कौतुकाने म्हणत होता. चौकट खाली सरकली तसे आधी गुडघे आले, मग पाय. पायांत प्राण्यांच्या बागेतून मिळालेल्या रबरी चपला होत्या, चांगल्या दोन मापं मोठ्या, कारण बदकांच्या तळ्यात तिचे बूट भिजले होते आणि ते आता कुंपणावर उन्हात वाळत होते. त्या ढगळ चपलांवर शिपायाची पायाची सगळी बोटं आत वळून रबरात रुतली होती. अंगठे पांढरेफटक पडले होते. टाचा उचललेल्या होत्या. बाईंनी फोटो काढलाच नाही. असे पाय त्यांच्या रोजच्या बघण्यातले होते. पण असे पाय असलेल्या माणसाला त्यांनी कधी हसताना पाहिलं नव्हतं, कारण त्या वेळी त्या माणसाच्या तोंडात त्यांचीच बोटं असायची.

बाई लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टर. लोक नवल वाटलं की स्वतःच्या तोंडात बोटं घालतात, आमची सून दुसऱ्यांच्या तोंडात घालून पोट भरते, हा सासूबाईंचा आवडता विनोद होता आणि पाहुण्याच्या हातात चहा पडायच्या आत तो ऐकवून झालेला असे. सासूबाईंचा मुलगा, म्हणजे बाईंचा नवरा, डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढायचा. त्यामुळे या घरात मानेवरच्या सगळ्या तक्रारी ऐकून घेतल्या जातात, मानेखालचं काही असेल तर बाहेर दाखवा, हा दुसरा विनोद, तो नवऱ्याचा. दिवसभर भिंगं बदलून 'हे स्पष्ट दिसतं, की हे?' असं विचारून विचारून त्याची जीभच तशी वळली होती. आज सकाळी बागेच्या दारातसुद्धा तो म्हणाला होता, "आधी ससे, की आधी शेळ्या? की ससेच बरे होते?" आणि सगळी हसली होती. बागेचं वैशिष्ट्य असं, की इथे प्राणी लांबून बघायचे नव्हते, हात लावून बघायचे होते. प्रत्येक कुंपणापाशी एक माणूस, एक दाण्याची वाटी आणि हात धुवायला एक नळ. दातांची डॉक्टर आणि डोळ्यांचा जाणकार अशा दोघांना एकाच वेळी पटेल अशी करमणूक मिळणं कठीण, पण ही पटली होती. सोमवारी बाई वर्षभरासाठी दुसऱ्या शहरात जायच्या होत्या आणि त्याआधीचा हा शेवटचा रविवार होता.

पायांचं हे शास्त्र बाईंना कुणी शिकवलेलं नव्हतं. खुर्चीत पोर आडवं झालं की वरचा मोठा दिवा त्याच्या तोंडावर येतो, डोळे मिटले जातात, जबडा उघडा, त्यात आरसा, नळी, कापूस. अशा माणसाने आपली भीती सांगावी तरी कशाने? तो पायांनी सांगतो. आधी अंगठे आत वळतात, मग टाचा उचलल्या जातात, आणि टाचा उचलल्या गेल्या की पुढच्या क्षणी पोर डोकं हलवणार हे नक्की. बाईंच्या मदतनीस बाई खुर्चीच्या पायथ्याशी उभ्या राहून नुसतं "पाय" एवढंच हळूच म्हणत, आणि बाईंचा हात जागच्या जागी थांबे. त्या तेवढ्या थांबण्यावर त्यांनी नाव कमावलं होतं. दुसरं असं, की त्या खोटं बोलत नसत. त्यांच्या लहानपणी त्यांना फुगा आणायला म्हणून नेलं होतं आणि दात काढून आणलं होतं. नेणारे वडील होते, मायाळू होते, आणि परत येताना त्यांनी फुगाही घेऊन दिला होता, पण रक्ताने भरलेल्या तोंडाने फुगा फुगवता येत नाही हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. म्हणून 'दुखेल का?' असं कुणी पोराने विचारलं तर बाई सांगत, दुखेल, मुंगी चावल्यापेक्षा जास्त आणि गुडघा फुटल्यापेक्षा कमी. आणि 'दुखतंय का?' असं त्या कधीही विचारत नसत, कारण घाबरलेलं माणूस त्यावर 'नाही' म्हणतं. त्या विचारत, कुठे दुखतंय? त्यांना आपल्या हातांचा आणि आपल्या नजरेचा भरवसा होता, आणि तो पोकळ नव्हता.

मग हे पाय आपल्याला आजवर दिसले कसे नाहीत, हा प्रश्न त्यांना पडला, आणि भिंतीवर खिळा मारताना आत पाइप लागावा तसा तो कुठेतरी आत जाऊन लागला. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी जेवणाच्या टेबलावर सांगितलं होतं, की दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात मुलांच्या दातांचा नवा विभाग उभा करायचा आहे, वर्षभर तिकडे राहावं लागेल, पंधरा दिवसांनी एकदा घरी येता येईल. नवऱ्याशी बोलून झालं होतं. सासूबाई "जा गं, आम्ही काय उपाशी मरतोय का" म्हणाल्या होत्या. उरली होती शिपाई. "तू मोठी झालीस आता. आई वर्षभर तिकडे राहिली तर चालेल ना?" त्यांनी विचारलं, आणि शिपाई ताटातून वर बघून हसली आणि म्हणाली, "चालेल." मग तिने पुन्हा भात मागितला. बाईंना इतकं हलकं वाटलं होतं की त्यांनी तो भात स्वतः उठून वाढला. नंतर ज्याला त्याला त्यांनी हे सांगितलं. बहिणीला सांगितलं, मदतनीस बाईंना सांगितलं, गल्लीतल्या औषधवाल्यालाही सांगितलं: आमची शिपाई, डोळ्यांत पाणी नाही, उलट भात मागते. सांगताना त्या तिचं कौतुक करत होत्या हे खरं, पण त्यात स्वतःची सुटकाही होती. त्यांना जायचं होतं. अगदी मनापासून, पोटातून जायचं होतं. रिकाम्या दालनात खुर्च्या कुठे ठेवायच्या, पोरांना वाट बघायला बसवायचं कुठे, कपाटं कुठल्या उंचीची, हे सगळं त्यांच्या डोक्यात कधीच लावून झालं होतं. जेवणाच्या टेबलाला खाली पाय असतात आणि त्यांच्यामध्ये पोरांचे पाय असतात, पण तिकडे वाकून बघायला कुणाला वेळ होता? दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

आणि त्याच्याही मागे एक गोष्ट होती, ती आता अजगराकडे बघताना त्यांना हवी नव्हती तरी आठवत राहिली. दवाखाना खाली, घर वर. शिपाई चार वर्षांची असल्यापासून, खाली एखादं पोर खुर्ची बघून भोकाड पसरून दाराला चिकटलं, की बाई जिन्यातून हाक मारत आणि शिपाई खाली येई. खुर्चीत चढून बसे, तोंड उघडे, बाई आरसा फिरवत, दिवा लावत, पाण्याचा फवारा मारत, आणि शिपाई उतरून त्या रडक्या पोराकडे बघून हसे. "बघ, ती कशी बसली. तुला चालेल ना असं?" पोर निम्म्या वेळा तरी गप होई. वाट बघत बसलेल्या आया म्हणत, काय गोड मुलगी आहे. या युक्तीचा बाईंना अभिमान होता. एका बैठकीत त्यांनी इतर डॉक्टरांना ती समजावूनही सांगितली होती. शिपायाचे पाय तेव्हा कसे असत? आठवेना. मदतनीस बाई त्या वेळी खुर्चीच्या पायथ्याशी नसत, त्या दारापाशी रडक्या पोराला धरून उभ्या असत. बाईंची नजरही दाराकडेच असे. खुर्चीत जी होती ती काही पेशंट नव्हती, ती घरची होती. आज सकाळपासूनही तेच चाललं होतं, हे आता लक्षात येत होतं. सशांपाशी एक मुलगा आईच्या मागे लपला, आणि शिपाई आधी त्याच्याकडे बघून मग पुढे झाली. शेळीने तळहातावरचे दाणे ओढले तेव्हा शेजारची मुलगी किंचाळली, आणि तिची आई म्हणाली, "बघ, ती ताई कशी देते." ताईने हसून आणखी मूठभर दाणे दिले होते. बाईंनी प्रत्येक ठिकाणी फोटो काढले होते. सगळे मानेवरचे.

हे सगळं मनात फिरायला फार वेळ लागला नव्हता. अजगराने तेवढ्यात फक्त डोकं या खांद्यावरून त्या खांद्यावर नेलं होतं. बाई पुढे झाल्या. धावल्या नाहीत, ओढाओढ केली नाही, तशा त्या कधीच करत नसत.

"काढा आता," त्या अजगरवाल्याला म्हणाल्या.

"अजून चालेल मला," शिपाई म्हणाली. "फोटो नाही निघाला ना?"

"तुला चालेल. मला नाही चालत."

शिपाई हसायची थांबली. आईचा असा आवाज तिने खालच्या दवाखान्यात कधीमधी ऐकला होता, पण तो इतरांसाठी असे. अजगरवाल्याने पिल्लू सोडवून घेतलं, त्याचा विळखा एकेक करून मोकळा केला, आणि शिपायाने मान खाजवली. बाकावर बसून केळं सोलणाऱ्या सासूबाई लांबून म्हणाल्या, "झालं एवढ्यात? मला वाटलं ती घरी घेऊन येते त्याला." नवरा त्यांच्या शेजारी बूट उलटे करून बघत होता. बाईंनी दोघांना हाताने बसा अशी खूण केली आणि शिपायाला घेऊन नळापाशी आल्या.

नळ मुलांच्या उंचीचा होता, त्यामुळे बाईंना खाली बसावं लागलं. दोघींचे हात एका धारेखाली आले. शिपायाचा हात गार होता, उन्हात उभी राहून गार. बाईंनी साबण लावला, बोटांच्या बेचक्या धुतल्या, नखं धुतली. घाबरलीस का, असं विचारायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण पंधरा वर्षांचं काम आडवं आलं.

"भीती कुठे वाटत होती?" त्यांनी विचारलं.

शिपायाने उत्तर शोधलं. असा प्रश्न आला की मुलं खरोखर शोधतात, हे बाईंना माहीत होतं. "पोटात," ती म्हणाली. "इथे. बेंबीच्या वर."

"तिथे अजून कधी वाटते?"

पाणी वाहत होतं. शिपायाने साबणाचा फेस एका हातावरून दुसऱ्या हातावर नेला. "तुझी बॅग दिसली की."

बाईंनी नळ बंद केला. घरी खोलीच्या कोपऱ्यात ती मोठी निळी बॅग आठवडाभर उघडी पडली होती, येता-जाता त्या तीत काहीबाही टाकत होत्या, आणि शिपाईच त्यांना मोजे घड्या घालून आणून देत होती.

"मग 'चालेल' का म्हणालीस?"

"तू तसं विचारलंस म्हणून."

"कसं?"

"खुर्चीत बसवताना विचारतेस तसं." शिपाई जमिनीकडे बघून बोलत होती, पण चोरट्यासारखी नाही, आईला एखादी साधी गोष्ट कळू नये याचं तिला थोडं आश्चर्य वाटत असावं. "तसं विचारलं की चालेलच म्हणायचं असतं. बाहेर मुलं बसलेली असतात ना."

बाईंना रडू आलं असतं, पण ते रडू आधी स्वतःला मोकळं करणारं होतं, आणि मोकळं व्हायची पाळी त्यांची नव्हती. त्यांनी पदर नसल्यामुळे शर्टाच्या टोकाने शिपायाचे हात पुसले, आणि तिच्या पलीकडे, शेळ्यांच्या कुंपणाकडे बघून घेतलं.

"आता बाहेर कोणी बसलेलं नाही," त्या म्हणाल्या. "आता सांग."

शिपायाने एकदा मागे वळून बाकाकडे बघून घेतलं. मग शिपाई हळूच म्हणाली, "नाही चालणार." म्हणून बघितल्यावर तो शब्द तिला झेपला असावा, कारण ती पुन्हा म्हणाली, जरा मोठ्याने, "नाही चालणार. तू नको जाऊस."

हे ऐकण्यासाठी आपण इथे खाली बसलो, हे बाईंना कळत होतं. आणि हेही कळत होतं, की आता 'बरं, नाही जात' म्हणणं म्हणजे फुगा देणं. त्या जाणार होत्या. ते दालन त्यांना हवं होतं. ते सोडून घरी बसलं तर ही पोर जन्मभर ते ओझं वाहील आणि वर हसेल. त्यांना पोरीचं 'हो' काढून घ्यायचं नव्हतं. त्यांना तिचं 'नाही' आपल्याजवळ ठेवून जायचं होतं, आणि ते फार अवघड होणार होतं, बॅग उचलणंसुद्धा अवघड होणार होतं. व्हायलाच हवं होतं, त्यांना वाटलं.

"मी जाणार आहे," त्या म्हणाल्या. "तुला नाही चालणार, तरी जाणार आहे. तुला वाईट वाटणार आहे. मलाही."

शिपायाने आईकडे पाहिलं. आणि मग तिने जे केलं ते या घरात गेली चार वर्षं कुणी पाहिलं नव्हतं. तिने पायातली एक चप्पल झटकून लांब उडवली, दुसरीही उडवली, बाईंच्या खांद्यावर दोन्ही मुठी आपटल्या आणि तोंड उघडून रडायला लागली. साधंसुधं नाही, शेळ्यांनी खाणं थांबवून मान वर करावी असं. सशांपाशी मघाशी लपलेला मुलगा आईचं बोट सोडून पुढे येऊन बघायला लागला. अजगरवाला गडबडला. सासूबाई अर्धं केळं हातात घेऊन धावत आल्या, मागून नवरा एका हातात एक बूट घेऊन.

"काय गं, चावलं काय?"

"काही चावलं नाही," बाई म्हणाल्या. मुठी अजून पडतच होत्या आणि त्या खांदा पुढे करून बसल्या होत्या. "रडतेय."

"रडतेय ते दिसतंय मला. पण शिपाई रडतेय?"

"पाणी देऊ, की उचलून घेऊ?" नवऱ्याने विचारलं. "की नकोच काही?"

"नकोच काही," बाई म्हणाल्या. "उभा राहा फक्त."

तो उभा राहिला. सासूबाईही उभ्या राहिल्या, आणि सुनेच्या चेहऱ्याकडे, नातीकडे आणि लांब पडलेल्या चपलांकडे बघून त्यांनी काय ते ओळखलं. त्यांनी स्वतः दोन मुलं वाढवली होती. "आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून," त्या पुटपुटल्या, पण त्यात टोमणा कमी होता, आणि उरलेलं केळं त्यांनी सुनेपुढे धरलं. बाईंनी ते नाकारलं नाही. एका हाताने केळं खात, दुसऱ्या हाताने लेकीला धरून त्या मातीत बसून राहिल्या, आणि आपल्याला इतकं ठीक का वाटतंय याचा त्यांना अचंबा वाटत होता. खांदा दुखत होता. कुठे दुखतंय ते नेमकं सांगता आलं असतं.

परतीच्या वाटेवर शिपायाने आईशी अबोला धरला. हेही घरात नवीन होतं. नवरा गाडी चालवत होता, बाई त्याच्या शेजारी, आणि मागच्या सीटवर आजीच्या कुशीत सुजलेल्या डोळ्यांची शिपाई. शहर जवळ आलं. पहिल्या सिग्नलला मागून आवाज आला.

"आजी, आईला सांग, मला खूप राग आलाय."

"ऐकलं मी," बाई म्हणाल्या.

"तिला नाही बोलायचं. आजी, तू सांग."

सासूबाईंनी उसासा टाकला आणि पुढे वाकल्या. "अगं ए, तिला खूप राग आलाय."

"येऊ दे म्हणावं."

"येऊ दे म्हणते."

गाडी पुढे गेली. दुकानं, बसथांबा, अर्ध्या बांधलेल्या इमारती. मागे विचार चालला होता.

"किती येऊ दे, विचार."

"आहे तेवढा सगळा, म्हणावं."

"सगळा म्हणते," सासूबाई म्हणाल्या, "आणि माझी मान दुखायला लागली."

"आजी, तिला सांग, माझा राग वर्षभर जाणार नाही."

"तिला सांगा, नको जाऊ दे. मी घरी आले की माझ्यावर काढायचा, असाच, मुठींनी."

सासूबाईंनी निरोप द्यायला तोंड उघडलं, पण त्यांच्या आधीच मागून दोन पाय बाईंच्या सीटच्या पाठीला जोरात लागले.

"दर वेळी काढीन," शिपाई म्हणाली. "तू दमून आलीस ना, तरी काढीन."

नवऱ्याने चष्म्यातून बायकोकडे पाहिलं आणि या वेळी काहीही विचारलं नाही. बाई समोर रस्त्याकडे बघत होत्या. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही.

"काढ," त्या म्हणाल्या.